काडतुसाचा साचा



यंदाच्या व्याख्यानमालेची पत्रिका गावात वाटली गेली तेव्हा आमच्या नावापुढचा विषय वाचून बऱ्याच जणांच्या भुवया वर गेल्या, असे चिटणीसांच्या तोंडून कळले. एका वयोवृद्ध गृहस्थांनी तर आम्हांला भाजीबाजारात गाठून विचारले, "मग, आजवर वाघ किती मारलेत?" त्यांची निराशा करणे भाग पडले. आम्ही उभ्या जन्मात ससासुद्धा मारलेला नाही. तेव्हा आज येथे शिकारकथा ऐकायला मिळतील अशा समजुतीने कोणी पुढची जागा धरून बसले असेल, तर त्यांनी खुशाल उठावे. आम्हांला राग येणार नाही.

आमचा धंदा साच्यांचा. भोसरीच्या टूलरूममध्ये आमची हयात गेली. पत्र्याला, पितळेला, पोलादाला हवा तो आकार देणारा साचा, ज्याला कारखान्यात सगळे 'डाय' म्हणतात, तो घडवायचा, घासायचा, आणि हजारांश इंचात मोजायचा. या हजारांश इंचाला आमच्या भाषेत 'थाऊ' म्हणतात. डोक्याचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. आज या एका थाऊविषयीच आम्ही बोलणार आहोत, आणि तोही एका अशा साच्यातला, की जो अमेरिकेत हजारो घरांच्या तळघरांत बाकाला जडवलेला असतो.

१९९३ साली कामानिमित्त आम्ही अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात गेलो आणि चार वर्षे राहिलो. त्या राज्यात नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी, बंदुकीने हरिण मारण्याचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. आपल्याकडे आषाढीला गाव रिकामे व्हावे तसे तिकडचे कारखाने त्या दिवसांत ओस पडतात. जो तो भडक नारिंगी कोट घालून रानात. आमच्या शेजारी टपालखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहात. माणूस भला, मितभाषी, हाताचा स्वच्छ. एका संध्याकाळी ते आम्हांला म्हणाले, "तुम्ही साचे करता ना? मग खाली या, तुम्हांला माझे साचे दाखवतो." आम्ही तळघरात उतरलो, आणि आमच्या विद्यार्थिदशेला पुन्हा प्रारंभ झाला.

'काडतूस' हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. तो कानांवर पडला की आपल्याला सत्तावन साल आठवते. परंतु १८५७ चे ते काडतूस कागदाचे होते. आत दारू, पुढे गोळी, वर वंगण. दातांनी टोक फोडायचे आणि दारू नळीत ओतायची. कागद जळून जाई, मागे उरायचे असे काही नसे. पुढे १८६६ च्या सुमारास इंग्लंडात कर्नल बॉक्सर याने पितळी पुंगळीचे काडतूस बनवले आणि सारा प्रकारच पालटला. आपल्या खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा, म्हणजे या पालटाच्या अगदी बरोबरीचा.

आजच्या रायफलीच्या काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली ठिणगीची टोपी, पोटात दारू आणि तोंडात गोळी. बार उडाला की टोपी जळते, दारू जळते, गोळी जाते. पुंगळी तेवढी उरते. आणि चौघांत बहुधा सर्वांत महाग तीच. मग ती फेकून का द्यायची? तिच्यात नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी घालून पुन्हा का वापरू नये? या साध्या प्रश्नातून घरी काडतुसे भरण्याचा हा उद्योग निघाला. अमेरिकेत स्वतःपुरती भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायची तर लागतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्यावाचून काडतूस तयार करता येत नाही, हेही येथेच सांगून टाकतो, म्हणजे उद्या कोणी उत्साही तरुण आमचे नाव सांगत पोलीसचौकीत जाऊन बसायचा नाही.

आता अडचण अशी, की उडालेली पुंगळी पहिल्या मापाची राहात नाही. '.३०-०६' या अमेरिकेत घरोघर आढळणाऱ्या काडतुसात दाब चौरस इंचाला साठ हजार पौंडांपर्यंत चढतो. मोटारीच्या चाकात तीस पौंडांची हवा असते. तिच्या दोन हजार पट! या दाबाने पितळ फुगून बंदुकीच्या घराला, म्हणजे ज्याला चेंबर म्हणतात त्याच्या भिंतीला, घट्ट चिकटते. ते चिकटते म्हणूनच मागच्या बाजूला वायू सुटत नाही आणि बार उडवणाऱ्याचा चेहरा शाबूत राहतो. दाब ओसरला की पितळ किंचित मागे सरते, आणि त्यामुळेच पुंगळी बाहेर काढता येते. परंतु पहिल्या जागेवर ते येत नाही. तोंड सैल पडलेले असते. नवी गोळी त्यात घातली तर ती सरळ पोटात जाईल. पुंगळीला पुन्हा मापावर आणणारा साचा हवा, आणि गोळी तोंडात नेमकी बसवणारा दुसरा साचा हवा. शेजाऱ्यांच्या बाकावर हे दोन साचे होते.

पितळेचा स्वभाव ज्याला समजला त्याला हे साचे समजले. काडतुसाच्या पितळेत सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असते. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम पाहिलेले श्रोते येथे असतीलच. हंड्यावर ठोके पडत जातात तसतसे तांबे कठीण होत जाते. मग कारागीर ते भट्टीत धरून ताव देतो, ते मऊ होते, पुन्हा ठोके. पितळेचेही तेच. दर वेळी फुगायचे, दर वेळी साच्यात आवळायचे, असे पाचसात वेळा झाले की पुंगळीची मान कडक होते आणि तडकते. म्हणून मानेला ताव देतात. मात्र बुडाला आच लागू द्यायची नाही. बूड मऊ झाले की साठ हजार पौंडांपुढे ते टिकायचे नाही.

या तडकण्याच्या संबंधात एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण ती आपल्या देशातली आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात इंग्रजी फौजेच्या असे ध्यानात आले, की हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या आपोआप तडकतात. कोणी उडवली नाहीत, कोणी आपटली नाहीत. पेटीत ठेवल्या जागी भेगा! हवेला दोष दिला गेला, ऋतूला दोष दिला गेला. इंग्रजीत त्या व्याधीचे नावच ऋतूवरून पडले. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी खरे कारण मांडले. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, पावसाळी दमट हवा, आणि साच्यात ओढताना पितळेत कोंडून राहिलेला ताण, अशा तिघांची ती करणी होती. साच्यातून निघालेल्या पुंगळीला माफक ताव देऊन तो ताण काढून टाकला की भेगा थांबतात. साचा धातूला आकार देतो एवढेच आपण पाहतो. त्याच्या पोटात राग कोंडून ठेवतो ते दिसत नाही. असो.

शेजाऱ्यांकडे वळू. त्यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धातली '.३०३' ची ली-एनफील्ड रायफल होती. हो, तीच; आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे आपण पाहिली तीच. महायुद्धानंतर ती अमेरिकेत स्वस्तात विकली गेली. शेजारी आपली काडतुसे घरीच भरीत. एके रविवारी ते सरावाला गेले आणि दुपारी परतले ते गप्प गप्प. चष्म्याच्या काचेवर काळे ठिपके, डाव्या गालावर लाल ओरखडे. खिशातून त्यांनी पितळेची एक चकती काढून आमच्या हातावर ठेवली. पुंगळीचे बूड होते ते. पुंगळी बुडापासून जरा वर गोल कापल्यासारखी तुटली होती, आणि पुढचा भाग अजून बंदुकीच्या घरातच अडकलेला होता. मागे फुटलेला वायू तोंडावर आला होता. चष्मा नसता तर? त्यांनी तो प्रश्न विचारला नाही, आम्हीही नाही. त्यांच्या पत्नीने मात्र स्वयंपाकघरातून एवढेच विचारले, की आता हे सामान तळघरातून केव्हा निघणार.

त्या रात्री आम्ही दोघे बाकाशी बसलो. त्याच खेपेला भरलेल्या इतर पुंगळ्या काढल्या. कागदाला लावायच्या टाचणीची तार सरळ करून तिच्या टोकाला बारीक आकडा केला आणि आतून भिंतीवरून फिरवला. बुडाच्या जरा वर तो आकडा अडे. आतून खळगा पडला होता. बाहेरूनही, दिवा तिरपा धरला की, त्याच जागी एक चकचकीत रेघ दिसे. तीसपैकी अकरा पुंगळ्यांत हे चिन्ह होते. दारू बरोबर मापली होती, गोळ्या बरोबर होत्या, पितळ चांगले होते. मग पितळ त्याच एका जागी पातळ का व्हावे?

येथे जरा लक्ष द्यावे ही विनंती, कारण साच्याच्या निवडीचे मर्म येथे आहे.

काडतूस घरात गेले की ते कशाला तरी टेकून थांबले पाहिजे, नाहीतर पुढे घसरेल. '.३०३' च्या बुडाला बाहेर आलेली कड असते. ती कड घराच्या काठावर टेकते, झाकण भांड्यावर टेकावे तशी. '.३०-०६' ला अशी कड नाही. तिचा खांदा पुढे घराच्या खांद्याला टेकतो. आणि हत्ती-गव्यांसाठी काढलेल्या काही थोराड काडतुसांना बुडाजवळ पितळेचा पट्टा असतो, ती पट्ट्यावर टेकतात; १९१२ सालचे '.३७५' हे त्यांतले नामांकित. आता '.३०३' कडेवर टेकते म्हणून तिच्या खांद्यापुढे जागा सुटली तरी चालते. लष्कराने तर ती मुद्दाम ऐसपैस ठेवली; चिखलाने माखलेले काडतूससुद्धा आत गेले पाहिजे. पहिल्या बाराला पुंगळीचा खांदा पुढे फुगून ती जागा भरून काढतो. त्या वेळी पुंगळीचा पुढचा भाग भिंतीला चिकटलेला आणि बूड मागे बोल्टकडे रेटले जाणारे. मधले पितळ ताणले जाते. त्यातून या रायफलीच्या बोल्टचे खटके मागच्या टोकाला असल्याने तिचा सांगाडा थोडा लवतो आणि ताण वाढतो. एकदा ताणले गेले तर बिघडत नाही. परंतु शेजाऱ्यांचा साचा पुंगळीला अंगभर आवळणारा होता, आणि तो त्यांनी सर्रास सांगतात तसा पार खाली, पकडीला टेकेपर्यंत आणि वर थोडा आणखी, आवळून बसवला होता. साचा खांद्याला दर वेळी मागे रेटी. बार दर वेळी त्याला पुढे रेटी. रोज घडी घालून पुन्हा उलगडलेला कागद जसा घडीवरच फाटतो, तशी ती पुंगळी चौथ्या बाराला फाटली.

साचा सदोष नव्हता, हे आम्ही धंद्याची शपथ घेऊन सांगतो. मापाने तो कारखान्यातल्या नव्या काडतुसाशी तंतोतंत जुळत होता. दोष असला तर इतकाच, की बंदूक एका मापाची आणि साचा दुसऱ्या मापाचा. साचा जगातल्या साऱ्या '.३०३' बंदुकांसाठी केलेला. शेजाऱ्यांची बंदूक एकच. तयार सदरा कोणालाही होतो, म्हणजे कोणालाच नीट होत नाही.

मग उपाय? एक, केवळ मान आवळणारा साचा घ्यावा. अंग आणि खांदा बाराने जसे झाले तसेच राहू द्यावे. ती पुंगळी आता त्या घराच्या मापाची झालेली असते. किंवा, आहे तोच साचा थोडा वर घेऊन लावावा, म्हणजे खांद्याला तो नावापुरता स्पर्श करील. या साच्यांना बाहेरून पाऊण इंचाहून थोडा जाड, म्हणजे सात-अष्टमांश इंचाचा आटा असतो, इंचात चौदा फेरे. बहुतेक सर्व कारखानदार हेच माप पाळतात, म्हणून एकाचा साचा दुसऱ्याच्या दाबयंत्रात बसतो. चौदा फेऱ्यांचा एक इंच, तर एका फेऱ्याला सुमारे एकाहत्तर थाऊ. म्हणजे साचा पाच अंश फिरवला की एक थाऊ खाली. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश सरकतो. तेवढ्या फरकावर पुंगळीचे आयुष्य अवलंबून! बोल्टच्या बंदुकीसाठी खांदा एकदोन थाऊ मागे घेतला की पुरे. जी बंदूक आपोआप भरली जाते तिच्यात बोल्ट माणसाच्या हाताने दाबता येत नाही; तेथे तीन ते पाच थाऊ सोडावे लागतात आणि अंगभर आवळणाराच साचा लागतो. काहींना तर बूड अधिक आवळणारा खास साचाही लागतो.

मानेच्या साच्याचेही एक पथ्य आहे. चारपाच बारांनंतर पुंगळीचे अंग इतके भरते की बोल्ट लावताना जोर पडतो. तेव्हा एकदा अंगभर साच्यातून काढावी लागते. आणि अशी पुंगळी दुसऱ्या बंदुकीत घालायची नाही. शेजाऱ्यांच्या जावयाकडेही तशीच रायफल होती. त्यानंतर सासऱ्या-जावयाचे डबे वेगळे झाले, सासऱ्याचा लाल, जावयाचा निळा.

मान आवळण्याच्या रीती तीन. जुन्या रीतीत साचा मान गरजेपेक्षा जास्त आवळतो, कारण पुंगळी जाड निघो की पातळ, त्याला दोन्ही सांभाळायच्या असतात. मग आतून पोलादी गोटी ओढून ती पुन्हा मापावर रुंद करतात. आधी जास्त दाबायचे, मग फाकायचे! आम्हांला कारागीर म्हणून हे पटले नाही. गोटी ओढताना मान लांबते, कधी वाकडी होते. दुसऱ्या रीतीत साच्यात सुटे पोलादी वळे असते, थाऊथाऊच्या फरकाने मिळणारे. आपल्या भरलेल्या काडतुसाची मान मोजायची आणि त्याहून एकदोन थाऊ लहान वळे निवडायचे. तिसऱ्या रीतीत चिरा पाडलेला चिमटा मानेला बाहेरून धरून मधल्या दांड्यावर दाबतो. त्याला वंगण लागत नाही. आम्हांला ही तिसरी रीत सर्वांत मनोहर वाटली. लेथवरच्या कोलेटचे तत्त्व ते! अंगभर आवळणाऱ्या साच्याला मात्र वंगण हवेच. कमी पडले तर पुंगळी आत रुतते आणि ड्रिल लावून काढावी लागते. जास्त झाले तर खांद्यावर खळगा पडतो. शेजारी बोटाने लोकरीचे मेण लावीत, डोळ्यांत काजळ घालावे तितके.

आणखी एक बारीक गोष्ट. साच्याच्या मधल्या सुईने जुनी टोपी बाहेर पडते. परंतु टोपीची जात दोन प्रकारची. इंग्रज बॉक्सरच्या टोपीला पुंगळीत मधोमध एक भोक असते, तिथे सुई जाते. अमेरिकन बर्डनच्या पद्धतीत बाजूला दोन भोके असतात. सुई मधे आपटून मोडते. गंमत अशी, की अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली आणि इंग्रजी लष्कराने '.३०३' साठी बहुधा अमेरिकनाची!

दुसरा साचा गोळी बसवणारा. याच्यावर आम्ही कमी वेळ घेतो, कारण त्यात जीवाची भीती कमी आणि नेमाचा प्रश्न जास्त. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवण्याजोग्या. गोळी वाकडी बसली तर नळीत वाकडीच शिरते; म्हणून चांगल्या साच्यात सरकती बाही असते, ती पुंगळी आणि गोळी दोघींना एका रेषेत धरते आणि मगच दाबते. वरचा दट्ट्या गोळीच्या नाकाच्या आकाराचा हवा. टोकदार गोळीला बोथट दट्ट्या लावला की टोक चेपते आणि खोलीही दर खेपेस बदलते. गोळी फार बाहेर ठेवली आणि नळीच्या आट्यांना भिडली तर दाब वाढतो, तेव्हा अंदाजाने ती बाहेर ठेवू नये.

या साच्यात बहुधा पुंगळीचे ओठ गोळीवर मुडपण्याची सोय असते. सर्वांना ती लागत नाही. १८९५ च्या सुमारास बाजारात आलेल्या '.३०-३०' च्या बंदुकीत काडतुसे नळकांड्यात एकामागे एक बसतात. मागचे पुढच्याला धक्का देते आणि गोळी आत सरकते, तेथे मुडपणे आवश्यक. हत्तीच्या बंदुकांच्या धक्क्यालाही तेच. परंतु साध्या बोल्टच्या बंदुकीत मुडपायला गेले आणि पुंगळ्या कमीजास्त लांबीच्या असल्या, तर लांब पुंगळीचा खांदा चेपून फुगतो. आमच्या हातून पहिल्याच रात्री तीन पुंगळ्या अशा गेल्या. शेजारी हसले नाहीत. त्यांनी त्या तिन्ही खिडकीत मांडून ठेवल्या आणि आम्ही गेलो की आधी तिकडे नजर टाकायचे.

तेव्हा विकत काय घ्यावे? आम्हांला कोणी विचारले तर आम्ही म्हणू: एकच बोल्टची बंदूक असेल तर चिमट्याचा मानेचा साचा आणि बाहीचा गोळीचा साचा घ्या, जोडीला अंगभर आवळणारा साधा साचा ठेवा, अधूनमधून लागतोच. पैसे वाचवायचे असतील तर साच्यात वाचवा, पण खांद्याचे अंतर मोजणाऱ्या मापात वाचवू नका. महागडा साचा न मोजता लावला तर तो स्वस्त साच्याइतकेच पितळ फाडतो. शेजाऱ्यांनी नवा साचा घेतलाच नाही. जुनाच साचा त्यांनी एक चतुर्थांश फेऱ्याने वर घेतला, म्हणजे सुमारे अठरा थाऊ, आणि मग थाऊथाऊने खाली आणीत बोल्ट जिथे सहज मिटला तिथे कुलूपनट आवळला. साच्यावर आणि नटवर मिळून त्यांनी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. पुढच्या हंगामाला त्यांच्या पुंगळ्या आठआठ बार गेल्या; दर बारानंतर ते ती तार आत फिरवीत, आणि पत्नीला वर येऊन सांगत, "अडली नाही."

सामान तळघरातून निघाले नाही. चष्मा मात्र तेव्हापासून त्यांच्या पत्नी स्वतः पुसून त्यांच्या डोळ्यांवर चढवीत आणि मगच रायफलीची पेटी मोटारीत ठेवू देत.

टेबलावर आम्ही सागवानी लाकडात दसपट मोठा करून कापलेला पुंगळीचा आणि साच्याचा नमुना ठेवला आहे. तो आता पहिल्या रांगेपासून फिरवायला देतो. खळगा कोठे पडतो ती जागा लाल रंगवली आहे. तिच्यावर बोट फिरवून पाहावे. मागच्या रांगेपर्यंत पोहोचला की कृपा करून टेबलावर परत आणून ठेवावा. उद्या सकाळी शाळेतल्या मुलांना तो दाखवायचा आहे.